सगुणा नाही म्हणाली

फार लांबची नाही, हाकेच्या अंतरावरची गोष्ट आहे. मांडवखेड नावाच्या हिरव्यागार, टुमदार गावात सगुणा नावाची एक बाई राहायची. गावाला पाच विहिरी होत्या, तीन बागा होत्या, आणि सगुणाला होती एक छोटीशी भट्टी. त्या भट्टीत ती ज्वारीच्या लाह्या फोडायची. तडतड तडतड, पांढऱ्याशुभ्र इवल्या इवल्या लाह्या कढईत उड्या मारायच्या. लाह्या विकल्या गेल्या की घरात भाकरी व्हायची. नाही विकल्या गेल्या की सगुणा आणि तिचा लेक निळू त्याच लाह्या पाण्यात भिजवून खायचे, आणि पोट भरलं असं एकमेकांना सांगायचे. निळूचे बाबा तो रांगत होता तेव्हाच वारले होते. झोपडीचं छप्पर तीन ठिकाणी गळत होतं, म्हणून घरातली तिन्ही भांडी कायम छपराखालीच असायची.

सगुणा रागीट होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणी मुक्या जनावराला काठी मारली, कुणी विहिरीवर म्हाताऱ्या बाईच्या पुढे घुसलं, की सगुणा पदर खोचून उभीच. तिला येताना पाहून गावातली भांडखोर कुत्रीसुद्धा शेपूट घालून शहाण्यासारखी बसायची.

आणि निळू? निळू आठ वर्षांचा, मऊ मऊ बोलणारा, गोड हसणारा. कानामागे रोज एक फूल. कधी पिवळीधमक शेवंती, कधी लालचुटुक जास्वंद, कधी चिमुकली अबोली. गवताच्या काड्यांच्या हिरव्या बांगड्या करून तो हातभर घालायचा. पाण्याला गेला तरी गात जायचा. विटीदांडू त्याला आवडायचा नाही, कुस्ती तर मुळीच नाही. त्याला आवडायचा हादगा.

हादगा माहीत आहे ना? पावसाळा सरत आला, हस्त नक्षत्र लागलं, की सोळा दिवस मुलींचा खेळ. पाटावर हत्ती काढायचा, पाट अंगणाच्या मधोमध ठेवायचा, मुलींनी हात धरून भोवती रिंगण धरायचं आणि फिरत फिरत गाणी म्हणायची. शेवटी झाकलेल्या डब्यात कुठली खिरापत आहे ते ओळखायचं आणि सगळ्यांनी मिळून ती खायची. मांडवखेडचा हादगा व्हायचा दुर्गाकाकूंच्या अंगणात. दुर्गाकाकूंचं घर गावात सगळ्यात मोठं, आवाजही सगळ्यात मोठा. त्या म्हणतील तीच गावाची पूर्व दिशा.

आता नीट ऐका, कारण इथूनच डोक्यात तिडीक जायला सुरुवात होते.

मांडवखेडात हत्ती काढायचा तो धान्याचा. तांदळाचं अंग, मसुरीचे गुलाबी कान, हरभऱ्याच्या डाळीची पिवळीजर्द झूल, हिरव्या मुगांची नक्षी, आणि काळ्या तिळाचा मिस्कील डोळा. असा हत्ती साऱ्या गावात एकालाच काढता यायचा. निळूला. दुर्गाकाकूंनी एकदा स्वतः काढून पाहिला होता, तर सोंड कुठली आणि शेपूट कुठलं यावरून मुलींचं भांडण जुंपलं. मग काकूंनी काय करावं? रोज दुपारी निळूला मागच्या दारानं बोलवायचं, त्याच्याकडून हत्ती काढून घ्यायचा, आणि मुली यायची वेळ झाली की म्हणायचं, "झाला ना हत्ती? चल, पळ आता. मुलींच्या खेळात मुलाचं काय काम?"

हात हवा, पण मुलगा नको. असली तऱ्हा.

निळू निमूट बाहेर जायचा आणि कुंपणाला गाल टेकवून आतली गाणी ऐकायचा. ओठ हलायचे, पाय आपोआप ठेका धरायचे.

त्या वर्षी हादग्याच्या पहिल्याच दिवशी पाय कुंपणाबाहेर राहिलेच नाहीत. हत्ती काढून झाला, मुली आल्या, आणि मंजुळा नावाच्या एका नकट्या, धीट मुलीनं सहज हात पुढे केला. "ये ना रे निळू, रिंगण अपुरं पडतंय."

निळूनं तिचा हात धरला. एक गाणं झालं. फक्त एक. हत्ती चालला की कान कसे हलतात, सोंड कशी झुलते, ते निळूनं मान डोलावून असं काही करून दाखवलं की मुली हसून हसून लोटपोट झाल्या. तेवढ्यात दुर्गाकाकू खिरापतीचा डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी डबा ठेवला, निळूचा कान पकडला, कानामागची शेवंती काढून मातीत टाकली आणि त्याला तसाच ओढत सगुणाच्या भट्टीपाशी आणला.

"सगुणा, आवर तुझ्या पोराला," त्या म्हणाल्या. "फुलं काय, बांगड्या काय, रिंगण काय. गावातली पोरं बिघडतील याच्यापायी. पुन्हा रिंगणात दिसला तर तुझ्या लाह्या या गावात कुणी घेणार नाही. सांगून ठेवते."

आता तुम्हाला वाटेल, सगुणानं पदर खोचला असेल. नाही खोचला. कुत्र्यांना शहाणं करणारी सगुणा त्या दिवशी मूग गिळून बसली. घरात ज्वारीचं शेवटचं पोतं होतं आणि निळूच्या अंगात एकच सदरा होता. काकू गेल्यावर ती लेकाकडे न बघताच म्हणाली, "निळू, उद्यापासून हत्ती काढायचा आणि सरळ घरात येऊन बसायचं. गाणी नकोत. फूलही नको."

"बरं आई," निळू म्हणाला, आणि त्यानं हातातल्या गवताच्या बांगड्या एक एक करून चुलीत घातल्या.

सगुणाला वाटलं, भडाभडा बोलावं. पण ती बोलली नाही. त्या संध्याकाळी तिच्या लाह्या पहिल्यांदाच करपल्या.

असा चौदावा दिवसही गेला. निळू हत्ती काढायचा, घरी यायचा, कोपऱ्यात बसायचा. पंधराव्या दिवशी तो दुपारी घरी आलाच नाही. सगुणा शोधायला निघाली आणि गावाबाहेरच्या जुन्या बागेत पोचली. तिथं हादग्याची उंच, नाजूक झाडं होती. होय, झाडाचं नावही हादगाच. पांढरीशुभ्र, चंद्रकोरीच्या आकाराची फुलं फांद्यांना लोंबत होती आणि उन्हात चमचमत होती. झाडाखाली गुरांना पाणी प्यायची दगडी दोण होती. दोणीपाशी निळू गुडघे टेकून बसला होता, आणि त्याच्या ओंजळीत काहीतरी लुकलुकत होतं. सगुणा झाडाआड थांबली.

ओंजळीत परी होती. बोटाएवढी, इवलीशी, ओलीचिंब. मोरपंखी लुगडं, मोतिया रंगाचे चिमुकले पंख, नाकात तांदळाच्या कणीएवढी नथ. ती बसली होती ते फूल दोणीत पडलं होतं आणि ती बुडता बुडता वाचली होती. निळूनं सदऱ्याच्या टोकानं तिचे पंख हळुवार टिपले. खिशात दोन लाह्या होत्या, त्याच्या जेवणाच्या. दोन्ही तिला दिल्या. परीला एक लाही म्हणजे केवढी मोठी भाकरी. ती दोन्ही हातांनी धरून कुरतडू लागली.

"तू काय खाशील?" परीनं विचारलं.

"मला भूक नाही," निळू म्हणाला. आणि त्याच वेळी त्याच्या पोटात गुरगुरलं.

परी खुदकन हसली. तिच्या हसण्यानं झाडावरची फुलं रुणझुणली. "निळू, मी तुला एक वर देते. पण आमच्या वराला नियम असतात बरं का. उद्या हादग्याचा शेवटचा दिवस. सूर्य मावळायच्या आत, सगळ्या गावासमोर, मोठ्यानं मागायचा. पहिल्यांदा जे मागशील तेच खरं, मग बदलता यायचं नाही. आणि तू लहान आहेस ना, म्हणून तुझ्या आईनं 'हो' म्हटलं तरच तो फळेल. ती 'नाही' म्हणाली तर वर माझा मला परत येईल. तुम्हाला दुसरा मिळणार नाही."

झाडाआड सगुणा बोटं मोजू लागली. न गळणारं छप्पर. एक कपिला गाय. निळूला दोन सदरे. रोज भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा. मागून मागून लेकरू आणखी काय मागणार? ती मनातल्या मनात "हो, हो, हो" म्हणतच घरी आली.

पण वराची बातमी लपते होय? निळूनं मंजुळेला सांगितलं, मंजुळेनं साऱ्या गावाला. दिवस मावळायच्या आत दुर्गाकाकू सगुणाच्या दारात हजर. या वेळी आवाज साखरेत घोळलेला.

"सगुणा, पोराला नीट शिकवून ठेव हो काय मागायचं ते. म्हणावं, मला बाकीच्या मुलांसारखा कर. एकदा का तो मुलासारखा मुलगा झाला, की तूही सुटलीस, आम्हीही सुटलो. रोजच्या खिरापतीला तुझ्याच लाह्या घेईन मी."

सगुणा तेव्हाही गप्प बसली. विचार करत होती ती, उद्या वर मिळाला की या बाईला लाह्या विकायची गरजच उरणार नाही. भट्टीमागे निळू सरपण रचत होता, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

सोळाव्या दिवशी दुर्गाकाकूंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मध्ये पाट, पाटावर निळूनं काढलेला हत्ती. त्या दिवसाचा हत्ती सगळ्यात देखणा होता, पायात राळ्याच्या पिवळ्या दाण्यांचे तोडेसुद्धा होते. कुंपणावरच्या जाईच्या वेलावरून परी भुरभुरत आली आणि पाटाच्या कडेला बसली. सारं अंगण मोतिया उजेडानं भरून गेलं.

"माग निळू," परी म्हणाली.

निळूनं हात जोडले. कानामागे फूल नव्हतं, हातात बांगड्या नव्हत्या. तो स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाला, "परीताई, मला बाकीच्या मुलांसारखं कर. मला फुलं आवडू नयेत. गाणी आवडू नयेत. हत्ती काढता येऊ नये. म्हणजे माझ्या आईच्या लाह्या सगळे घेतील, आणि तिला कुणी रागावणार नाही."

"शहाणा गं माझा बाळ," दुर्गाकाकू म्हणाल्या, आणि गावानं माना डोलावल्या.

मग सगळे सगुणाकडे वळले. परीनंही वळून पाहिलं. "सगुणाबाई, हो म्हणता?"

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा दिवस गिळलेला एक एक शब्द तिच्या घशाशी आला. तिनं पदर खोचला. पुढच्या रांगेतले दोघे चौघे मागे सरकले.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, त्याच्या भल्यासाठीच..." दुर्गाकाकू म्हणू लागल्या.

"त्याचं भलं? काकू, पंधरा दिवस या पोराला मागच्या दारानं आत घेतलंत आणि मागच्याच दारानं हाकललंत. हत्ती त्याचा, कौतुक तुम्ही करून घ्यायचं. आठ वर्षांचं लेकरू देवानं दिलेलं सगळं परत करायला निघालंय, आणि तुम्ही त्याला शहाणा म्हणता? कुणाचं काय चोरलं त्यानं? कुणाला मारलं? फूल घातलं कानात. गाणं म्हटलं. एवढ्यानं तुमची पोरं बिघडत असतील, तर बिघाड तुमच्या घरात आहे, माझ्या नाही. आणि तुम्ही सगळे, माना काय डोलावता? तुमच्यापैकी एकानं तरी त्याला कधी पाणी विचारलं का?"

माना डोलायच्या थांबल्या.

"वेडी झालीस का सगुणा?" काकूंनी कसाबसा आवाज काढला. "वर घालवलास. घर आलं असतं, गाय आली असती. घालवलंस सगळं."

"घालवला. पुन्हा मिळाला तर पुन्हा घालवीन."

मग ती पाटाला वळसा घालून निळूपाशी आली आणि खाली मातीत बसली. आता तिचा आवाज उतरला होता, पण राग गेला नव्हता. फक्त त्याचं तोंड फिरलं होतं.

"निळू, सगळ्यांत जास्त राग मला माझाच आलाय. काकू बोलल्या त्या दिवशी मी तुला घरात बस म्हणाले. तुझ्या बांगड्या चुलीत जळताना बघत राहिले. लाह्यांसाठी. मी चुकले रे राजा. मला दुसरा कुठला निळू नको. उपाशी राहीन, पण हाच हवा, फुलांचा, गाण्यांचा. कळलं?"

निळूला रडू आवरेना. "पण मग लाह्या?"

"लाह्या गेल्या खड्ड्यात," सगुणा म्हणाली, आणि त्याला छातीशी धरलं. गर्दीतून मंजुळा पुढे आली. तिनं वेणीतली शेवंती काढली आणि निळूच्या कानामागे खोचली. तिच्या आईनं डोळे वटारले, पण मंजुळेनं तिकडे पाहिलंच नाही.

तेव्हा परी उडाली आणि सगुणाच्या डोळ्यांसमोर तरंगत राहिली. "सगुणाबाई, या गावात मी कितीतरी वर दिले. हवं ते मिळालं नाही म्हणून रागावलेले पुष्कळ पाहिले. हातात आलेला वर रागानं परत करणाऱ्या तुम्हीच पहिल्या. नियम म्हणजे नियम, वर माझा मला परत आला. आता माझ्या वराचं काय करायचं ते मी ठरवणार."

ती पाटावर उतरली आणि तिनं हत्तीच्या तिळाच्या डोळ्यावर अलगद फुंकर मारली.

डोळा मिचकला. मग मसुरीचे गुलाबी कान फडफडले. मग तांदळाची सोंड वर झाली आणि हत्तीला अशी काही शिंक आली की अंगणभर मूग उडाले. तो पाटावर उठून बसला, मांजराएवढा. अंग झटकून उभा राहिला, वासराएवढा. दोन पावलं टाकली तर छपराला टेकला. सोनेरी झूल झळाळत होती, तोडे छुमछुम वाजत होते, आणि एवढं झटकूनही अंगावरचं धान्य कमी होत नव्हतं.

"माझ्या अंगणातला हत्ती आहे तो," दुर्गाकाकू फाटकात आडव्या झाल्या. "बाहेर नाही जायचा."

हत्तीनं त्यांना सोंडेनं हळूच उचललं, बाजूच्या ओट्यावर नीट बसवलं, आणि निळूपुढे गुडघे टेकले. निळू वर चढला. सगुणाला चढायचं नव्हतं, ती पुढे चालली, पदर खोचलेलाच होता. हत्ती डुलत डुलत सगुणाच्या झोपडीपाशी आला. त्यानं सोंड छपराला लावली तर जुन्या गवताच्या जागी लालचुटुक कौलं चढत गेली. कोपऱ्यातल्या रिकाम्या कणगीत सोंड घातली तर कणगी ज्वारीनं काठोकाठ भरली. ती पुढे कधीच रिकामी झाली नाही.

आणि हत्तीवाचून हादगा कुठला? मंजुळा धावत आली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी, मग सगळ्याच. सगुणाच्या दारात हत्तीभोवती केवढं तरी मोठं रिंगण झालं. गाण्यांत निळूचाच आवाज सगळ्यांत वर होता.

ऊन कलता कलता कुंपणापाशी दुर्गाकाकू येऊन उभ्या राहिल्या. एकट्याच. "सगुणा, पुढच्या वर्षी निळूला आमच्याकडे आणलंस रिंगणात तरी चालेल हो मला."

"चालेल?" सगुणा म्हणाली. "माझ्याकडे काय बघता? ज्याचा कान ओढलात त्याच्याशी बोला."

काकूंनी पदर सावरला. मग निळूपाशी गेल्या आणि वाकल्या. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाई, पण शब्द जेमतेम ऐकू आले. "निळू, चुकलं माझं. फार चुकलं."

निळूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग मंजुळेचा हात सोडून मध्ये जागा केली. "या काकू. पण गाणं येतं ना तुम्हाला?"

सूर्य डोंगराला टेकला. हत्तीच्या कानावर बसलेली परी उठली, तिनं सगुणाकडे पाहून दोन्ही हात जोडले, आणि मोतिया, गुलाबी, केशरी उजेडाची एक लाट रिंगणावरून फिरली. डोळे दिपले. ते उघडले तेव्हा परी नव्हती, फक्त हादग्याची पांढरी पाकळी निळूच्या केसांत चमकत होती. हत्ती मात्र तिथंच उभा होता, कान हलवत.

खिरापत ओळखायची गरज नव्हती. सगुणानं सूप भरून लाह्या आणल्या आणि ओंजळ ओंजळ वाटायला लागली. आधी निळूला, मग मंजुळेला, मग एकेका मुलीला. सगळ्यांच्या शेवटी दुर्गाकाकूंची पाळी आली. त्यांनी हात पुढे केला आणि हळूच विचारलं, "अजून रागावली आहेस?"

"हो," सगुणा म्हणाली, आणि त्यांच्या हातावर लाह्या घातल्या.